रूथमावशीचा एक शब्द

रूथमावशी रोज दिवेलागणीला मोठ्याने प्रार्थना करायची आणि आमची सगळी गल्ली त्या प्रार्थनेला बिचकून असायची. नवीन जालन्यात, स्टेशनच्या मागच्या बाजूला, आमची आणि तिची भिंत एकच. तिच्या पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची. त्या खिडकीशी लोखंडी खुर्चीवर बसून, डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून ती देवाला दिवसाचा सगळा हिशोब सांगायची. ज्या माणसाचा त्या दिवशी राग आला असेल त्याचं नाव आधी.

"हे प्रभू, आज शकुंतलानं तिच्या मोरीचं पाणी माझ्या अंगणात सोडलं. मला लई राग आला. तोंडानं न्हाई बोलले, पण मनात वाईट बोलले. मला क्षमा कर. अन् तिच्या पोरीला चांगलं स्थळ मिळू दे."

शकुंतलाबाई समोरच्याच ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी मोरीची दिशा बदललेली दिसायची. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ते हसून म्हणायचे, "चौकीवर तक्रार देण्यापेक्षा ही खिडकी बरी, जल्दी काम होतं." पण मावशी हे कुणाला टोमणा म्हणून करत नव्हती. मी शाळेत असताना एकदा तिला विचारलं होतं, "मावशी, हळू प्रार्थना केली तर देवाला ऐकू येत नाही का?"

"देवाला येतं गं," ती म्हणाली. "मला येत न्हाई. हळू बोललं की मी माझ्या बाजूचं तेवढंच सांगते."

ती उंच होती, हाडापेराने मोठी. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी खेड्यांत गेली, त्यामुळे पावलं पुरुषासारखी रुंद झालेली. चालायला लागली की आईला तिच्यामागे पळावं लागायचं. आम्ही बौद्ध, ती ख्रिस्ती. भीमजयंतीला खिरीचं पातेलं आमच्या घरून तिच्याकडे जायचं आणि नाताळात करंज्यांचा डबा तिच्या घरून आमच्याकडे यायचा. आमच्या घरी बुद्धवंदना आणि पंचशील झालं की ती दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकायची आणि मग आईला म्हणायची, "वहिनी, खोटं बोलणार न्हाई असं तुम्ही लोक दर वेळंला म्हणता. लई मोठं बोलता बरं का." आईला ते कौतुक आहे की चिमटा, हे कधी कळलं नाही.

तिच्याबद्दलची पहिली गंभीर गोष्ट मला आईने सांगितली. मावशी तेव्हा तरुण होती, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला नोकरीला. एका बाईच्या बाळंतपणाचा निरोप आला. पहिलटकरीण आहे, अजून अवकाश असेल, असं समजून मावशीने चहा घेतला, केस विंचरले आणि मग निघाली. पोचली तेव्हा बाळ अडलेलं होतं. बाई वाचली, बाळ गेलं. घरच्यांनी तिला दोष दिला नाही, उलट सासू म्हणाली, "बाई, तुम्ही तरी काय करणार, देवाची मर्जी." मावशी हात धुऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "देवाची मर्जी न्हाई. मला उशीर झाला. मी चहा पीत बसले होते."

गावाने तिला कित्येक महिने दारात उभं केलं नाही. बदली मागून घ्यायचा सल्ला डॉक्टरांनी दिला. तिने मागितली नाही. रोज उपकेंद्र उघडायची, बसायची, बंद करायची. पुढे एका रात्री कुणाला तरी साप चावला, दुसरं कुणी जवळ नव्हतं, आणि मग हळूहळू दारं उघडली. आई हे सांगताना नेहमी एका ठिकाणी थांबायची. "गप बसली असती तर कुणाला कळलं नसतं गं. हिला कोण म्हणालं होतं सांगायला?"

मी मोठेपणी हाच प्रश्न मावशीला विचारला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "त्या सासूनं देवाचं नाव घेतलं ना, म्हणून. माझं पाप त्याच्या नावावर जाऊन राह्यलं होतं. त्याच्या मागं चालायचं म्हणते अन् माझं ओझं त्याच्याच डोक्यावर देते, हे कसं जमायचं?"

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मूल झालं. मुलाचं नाव शमुवेल. आम्ही शमू म्हणायचो. तो चार वर्षांचा असताना त्याचे वडील काविळीने गेले. त्यानंतर ती आणि तो, एवढंच घर. मावशी त्याच्या बाबतीत आंधळी होती म्हटलं तरी चालेल. आमच्या आईने त्याच्याबद्दल कधी तक्रार केली तर त्या दिवशी प्रार्थनेत आईचं नाव नक्की यायचं. शमू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. हसरा, अंगाने मावशीसारखा, शिकण्यात फारसं लक्ष नाही, गाड्यांचं वेड. शेवटी एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडे पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागला. रविवारी उपासनेला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मावशीला मोटारसायकलवर बसवून न्यायचा. एका मुलीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी तो बीडकडून परत येत होता. शहागडच्या पुलाच्या थोडं अलीकडे, दिवस बुडता बुडता, वेचणी करून घराकडे निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. समोरून उसाचा ट्रक आला, त्याच्या दिव्याने शमूचे डोळे दिपले आणि गाडी कडेला गेली. त्रिवेणी नावाची बाई जागेवर गेली. शमूने गाडी थांबवली नाही. आरशात त्याला लोक धावताना दिसले आणि तो घाबरून निघून आला.

मालकाने रातोरात गाडीचा फुटलेला दिवा बदलला. शमूला सांगितलं, तोंड उघडू नकोस, त्या दिवशी तुला ताप होता, तू घरी होतास, गाडी जालन्यात उभी होती. बस.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच जाणवलं की खिडकीतून आवाज येईना. मावशी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी, डोक्यावर पदर घेऊन बसलेली दिसायची, पण ओठ बंद. आईला वाटलं तब्येत बरी नाही. ती विचारायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पीठ मळता मळता रडायला लागली. मग तिने मला सांगितलं. शमू जेवत नाही म्हणून मावशीने त्याला खोदून खोदून विचारलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळं सांगून टाकलं होतं.

"काय म्हणाली मावशी त्याला?" मी विचारलं.

"जा म्हणाली. आपणहून जा अन् सांग. मी संगं येते म्हणाली. तो म्हणतो मालक नोकरीवरून काढंल, लग्न मोडंल, जेलात जावं लागंल. ती म्हणाली, बराबर आहे, हे सगळं होईल. तरी जा." आईने डोळे पुसले. "मंग शेवटी त्याला म्हणाली, मी तुला पकडून देणार न्हाई. पण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. आता सांग, कोण विचारायला येणार आहे हिला?"

एका रविवारी सकाळी पोलीस चौकीतले जमादार आले. वाटेतल्या एका पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात तशी गाडी अंधुक दिसली होती. मालकाने ठरल्याप्रमाणे हात झटकले होते, म्हणून ते ड्रायव्हरच्या घरी खात्री करायला आलेले. मोटारसायकल आमच्या दोन्ही घरांच्या दारांच्या मध्ये उभी केली. मी ओट्यावर केस वाळवत होते, आई मेथी निवडत होती. गल्लीतले चार लोक लगेच गोळा झाले. मावशी उपासनेला जायची म्हणून पांढरी साडी नेसून दारात उभी होती. शमू आत होता. दाराच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती.

जमादार वयस्क होते, स्वभावाने बरे. त्यांनी प्रश्नच असा विचारला की उत्तर त्यातच होतं. "बाई, मागच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी पोरगा घरीच होता ना? ताप आल्ता म्हणं त्याला."

मावशी काही बोलायच्या आत माझी आई हातातली मेथी टाकून उठली. "होता की! घरीच होता. मीच तर काढा करून दिला त्याला. थरथर कापून राह्यला होता पोरगा." आयुष्यभर आईला मी कुणाशी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि ती इतकं सफाईदार खोटं बोलली की क्षणभर मलाही तो काढा आठवला. गल्लीतल्या आणखी एकाने मान डोलावली.

मावशीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपल्यासाठी कुणीतरी घरातली एकुलती एक किमती वस्तू विकून आलं तर आपण जसं पाहू, तसं तिने पाहिलं. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही गप ऱ्हा."

जमादार वाट पाहत होते.

"नव्हता," मावशी म्हणाली.

जमादारांनाच अवघडल्यासारखं झालं. खालच्या आवाजात ते म्हणाले, "बाई, इचार करून बोला. तुमचं पोरगं हाय."

"म्हणून तर इचार करून बोलून राह्यले. घरी नव्हता साहेब. शहागडला गेल्ता."

शमू बाहेर आला. चपला पायात सरकवल्या. जमादारांना म्हणाला, "चला." मावशीच्या शेजारून जाताना तो थांबला, तिच्याकडे न बघता म्हणाला, "झालं तुझं समाधान? जा आता देवळात." मोटारसायकल गेल्यावर मावशी तशीच उभी होती. मग खरंच देवळात गेली. पायी. त्या दिवशी ती इतकी हळू चालली की मीही तिला गाठू शकले असते.

शमू दोन दिवसांनी जामिनावर सुटला. मावशी बाजारात गेलेली असताना घरी आला, कपडे भरले आणि निघून गेला. नंतर कळलं की वाळूजला कुठल्या कंपनीत लागला आहे. लग्न मोडलं. खटला वर्षानुवर्षं चालला. मावशीला साक्षीला बोलावलं तेव्हा मी तिच्यासोबत गेले होते. शमूच्या वकिलाने तिला विचारलं की मुलावर तुमचा काही राग आहे का. ती म्हणाली, "न्हाई. माझा एकुलता एक आहे तो." मग तिने जमादारांना सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. शमू आरोपीच्या पिंजऱ्यात खाली मान घालून उभा होता. त्याला काही महिन्यांची सजा झाली.

तिला तिच्याच लोकांकडून जे ऐकावं लागलं ते सगळं मी लिहीत नाही. चर्चमधल्या बायका तिच्या बाकावर बसेनाशा झाल्या. एकजण मुद्दाम आमच्या दारापर्यंत येऊन म्हणाली, "आपल्या प्रभूनं क्षमा शिकवली, पकडून द्यायला न्हाई शिकवलं." मावशी तिला म्हणाली, "क्षमा आहेच की. पण क्षमा कशाची करायची, ते तर आधी कुणीतरी सांगावं लागतं ना." ती बाई पुन्हा आली नाही. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तरुण होते, भले होते. त्यांनीही एकदा बसून समजावलं, की बाई, आईने एवढं करावं अशी देवाचीसुद्धा अपेक्षा नसते. मावशीने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर कपबशी विसळताना मला म्हणाली, "पाळकसाहेबांचं पोरगं अजून लहान आहे."

प्रभूभोजनाच्या रविवारी येशूच्या आठवणीची भाकर घ्यायला सगळे उठून पुढे जायचे. ती जागेवरून हलायची नाही. पाळकांनी कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोराच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे. ते मिटल्याबिगर मी ती भाकर हातात कशी घेऊ?" पाळक म्हणाले, तुमच्या मनात तर काही नाही ना, मग झालं. ती म्हणाली, "ते सोपं आहे साहेब. माझं मन मला पुसता येतं." जन्मभर न चुकता ज्या भाकरीसाठी ती उपाशी पोटी देवळात जायची, ती भाकर तिने स्वतःच स्वतःला बंद करून घेतली. तिची ही शिक्षा मला कोर्टाच्या शिक्षेपेक्षा कठोर वाटायची.

शमू तुरुंगात असताना ती भेटीच्या दिवशी जायची. नाव पुकारलं जायचं. तो बाहेर यायचा नाही. तिथला शिपाई ओळखीचा झाला होता, तो सांगायचा, "मावशी, न्हाई येत म्हणतो. तुम्ही कशाला चकरा मारून राह्यल्या?" ती भेटीची वेळ संपेपर्यंत बाकावर बसायची आणि घरी यायची.

आणि ती शहागडला जायची.

पहिल्यांदा मी सोबत होते. अंबडवरून बस बदलून आम्ही उतरलो, विचारत विचारत त्रिवेणीच्या घरी गेलो. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पुढे लिंबाचं झाड. त्रिवेणीचा नवरा ऊसतोडीला गेलेला. घरी त्याची आई गयाबाई आणि त्रिवेणीच्या दोन लहानग्या मुली. मावशीने उंबऱ्याबाहेर उभं राहून आपण कोण ते सांगितलं. "माझ्या पोराच्या गाडीखाली तुमची सून गेली. त्याच्यातर्फे न्हाई, माझ्यातर्फे आले मी. माफी मागायला आले."

गयाबाईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुझं पोरगं जित्तं हाय न्हवं?"

"हाय."

"मंग तू कशाला आलीस हितं तोंड घिऊन?" असं म्हणून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आम्ही बसची वेळ होईपर्यंत लिंबाखाली बसून होतो. परतीच्या बसमध्ये मावशी म्हणाली, "तिचं बराबर आहे." पुढच्या महिन्यात ती एकटी गेली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. दार कधी उघडायचं, कधी नाही. पुढे गयाबाईला साखरेचा आजार जडला, पायाला जखम झाली आणि ती चिघळली. मावशी पिशवीत मलम, कापूस, पट्ट्या घेऊन गेली. गयाबाईने पाय पुढे केला, पण तोंड फिरवून घेतलं. कित्येक आठवडे हेच. पाय द्यायची, बोलायची नाही. जखम भरत आली त्या दिवशी मावशी घरी आली तेव्हा मला वाटलं आज तरी ती खूश असेल. मी विचारलं, "आज काही बोलली का गयाबाई?"

"बोलली. म्हणाली, आता येऊ नको."

"मग?"

"मंग काय. पुढल्या महिन्यात जाईन. पायाकडं बघावं लागतं. साखरेचं पाऊल आहे, फसवतं."

एकदा, एकदाच, मी तिला थेट विचारलं. आम्ही दोघी तिच्या खोलीत बसलो होतो. मी बँकेतल्या नोकरीवरून येताना तिची औषधं घेऊन आले होते. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी बोललीस त्यानं तुला बरं वाटलं का? निदान मनाला?"

"लोक म्हणतात, खरं बोललं की मन हलकं होतं," ती म्हणाली. "माझं न्हाई झालं. एक दिवस न्हाई झालं. अन् मी वाट पाहिली बरं का. आज होईल, उद्या होईल." मग पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "लहानपणापासून ऐकलं, आपला क्रूस उचलायचा अन् प्रभूच्या मागं चालायचं. मला वाटायचं आपला म्हणजे आपल्याच खांद्यावर येणार. मी उचलला अन् तो पडला माझ्या पोराच्या पाठीवर. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी..." वाक्य अर्धवट सोडून तिने औषधांची पिशवी उचलून ठेवली.

गेल्या वर्षी तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं. नर्स असल्यामुळे डॉक्टरांच्या आधी तिलाच कळलं असावं, पण तिने फार उशिरा सांगितलं. शेवटचे आठवडे ती आमच्याच घरी होती. आई तिचं सगळं करायची. शमू तेव्हा सजा भोगून वाळूजला परतलेला होता. मी त्याला फोन केले, त्याने उचलले नाहीत. मी निरोप लिहिला, 'तुझी आई फार दिवसांची नाही. ये.' वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. मावशीने मला फोनकडे बघताना पाहिलं आणि कूस बदलली.

एका दुपारी आई तिला पेज भरवत होती. दोन चमच्यांनंतर मावशीने हात आडवा केला आणि म्हणाली, "वहिनी, मी चुकले का?"

आईला सगळी वर्षं मनातून वाटत आलं होतं की ही बाई चुकली. मला हे ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं. आईने चमचा वाटीत ठेवला आणि म्हणाली, "न्हाई. बिलकुल न्हाई."

मावशी हसली. किती तरी दिवसांनी हसली. "बघा," ती म्हणाली, "पुन्हा खोटं बोलून राह्यल्या." आई हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. मावशी तिचा हात धरून पडून राहिली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ती गेली, दुपारीच, आई भांडी घासत असताना.

माती द्यायला फार लोक नव्हते. पाळकांनी प्रार्थना केली, गल्लीतल्या लोकांनी मूठमूठ माती टाकली. सगळं आटोपून आम्ही दफनभूमीच्या फाटकापाशी आलो तेव्हा शमू आत येत होता. केस पिकले होते. वाळूजची बस उशिरा पोचली, असं काहीसं पुटपुटला. मग कबरीपाशी जाऊन उभा राहिला. फावडी उचलून माणसं निघून गेली होती. माती टाकायला काही उरलं नव्हतं.

आई त्याच्याजवळ गेली. मला वाटलं ती त्याला मारते की काय. पण ती नुसती शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने तोच बोलला.

"काकू, ती 'होता' म्हणाली असती तर मी सुटलो असतो."

"हो रे बाबा," आई म्हणाली.

"अन् मंग रोज सकाळी उठून तिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. ते जमलं नसतं मला. म्हणून मी तिच्यावर राग धरला. राग धरला की बघावं लागत न्हाई." तो कबरीकडे बघत होता. "तसं बी न्हाई बघितलं अन् असं बी न्हाई बघितलं."

तो रात्रभर तिच्या रिकाम्या घरात राहिला. सकाळी आमच्या दारात येऊन मला म्हणाला, "ताई, शहागडला ती कुणाच्या घरी जायची? मला वाट दाखवशील?"

आम्ही बसने गेलो. अंबड सोडल्यावर त्याने खिडकीकडची जागा मला दिली आणि मान खाली घालून बसला. पूल जवळ येऊ लागला तसे त्याचे हात पुढच्या बाकाचा दांडा आवळत गेले. मी दुसरीकडे बघत राहिले.

गयाबाई लिंबाखाली बाजेवर बसलेली होती. तिची नजर अधू झाली आहे. आम्ही जवळ गेल्यावर तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोण हाय?"

शमूने कोर्टात एवढ्या वर्षांत एकदाही कबुली दिली नव्हती. वकिलाने शिकवलेलं 'मला माहीत नाही' एवढंच तो बोलत आला होता. त्याने घसा खाकरला. "मी शमुवेल. गाडी मी चालवून राह्यलो होतो. तुमच्या सुनेला मी मारलं अन् पळून गेलो."

गयाबाईचा हात डोळ्यांवरून खाली आला. कोंबड्या पायात येत होत्या, त्या हाकलायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

"तुझी माय आली न्हाई ह्या महिन्यात," ती म्हणाली.

"गेली ती. काल माती दिली."

गयाबाईने हातांनी बाज चाचपली, जणू उठायचंय, पण उठली नाही. "ती येऊन सांगून गेल्ती सगळं. आता तू आलास सांगायला." तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "मी काय करू ह्याचं? आं? सांग की. काय करू मी ह्याचं?"

शमू तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिने त्याला ऊठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, "जा आता. पोरी येत्याल शाळंतून. त्यांनी तुला बघू ने."

"पुन्हा येऊ का?" त्याने विचारलं.

"नको," गयाबाई म्हणाली.

हमरस्त्यावर उसाच्या ट्रकांची रांग लागली होती. बस येईपर्यंत आम्ही एका टपरीपाशी उभे राहिलो. तो वाळूजला गेला, मी घरी आले. अधूनमधून तो आईला फोन करतो, तब्येत विचारतो. माझ्याशीही दोन शब्द बोलतो. महिने उलटले आहेत. तो पुन्हा शहागडला गेला की नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल. आणि ते खरं 'नाही' असं असलं, तर ते ऐकायचं धाडस माझ्यात नाही.